उंची कोण मोजतो?

आदिलाबादला समुद्र नाही. सगळ्यात जवळचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी पावणेपाचशे किलोमीटर भरतो. म्हणून वादळात टिकणाऱ्या घरांची चर्चा विशाखापट्टणमला होते, काकीनाड्याला होते, फार तर अलिबागला होते. आदिलाबादला होते ती कापसाच्या भावाची.

वादळाला हे कुणी कळवलेलं नाही.

2024 मध्ये 31 ऑगस्टच्या रात्री बंगालच्या उपसागरातलं एक कमी दाबाचं क्षेत्र कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढलं. तिथंच मुक्काम करावा की नाही? दोन दिवसांत स्वारी विदर्भ-तेलंगणाच्या शिवेवर हजर. वाटेत खम्मम, महबूबाबाद धुऊन काढलं. इथं पोचेपर्यंत वारा दमला होता. पाणी दमलं नव्हतं.

किनाऱ्यावरच्या वादळाला नाव मिळतं, टीव्हीवर त्याचा पांढरा भोवरा गरगरतो, पत्रकार छत्री उलटी झालेली दाखवतात. आदिलाबादेत येईपर्यंत त्याचं नाव गळून पडतं, नुसता पाऊस उरतो. आणि बिननावाच्या संकटासाठी आजवर कुणी परिषद भरवली आहे?

पैनगंगेच्या काठची जैनथ, बेला, भीमपूर ही मंडलं, म्हणजे तिथले तालुके, घ्या. कागद तेलुगूत, घरात मराठी, नदीपलीकडे सोयरीक. नदीच्या वरच्या अंगाला ईसापूर धरण. धरणाचे दरवाजे उघडले की खाली निरोप येतो, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. सतर्क म्हणजे काय करायचं? तर जागं राहायचं. माणूस रात्रभर जागा राहतो, घर मात्र होतं तिथंच आणि होतं तेवढ्याच उंचीवर.

पाणी समोरून आलं तर निदान दिसतं तरी. इथं ते मागून येतं. नदी फुगली की नाल्याचं पाणी नदी आत घेत नाही. नाला मग उलटा चालतो आणि परसातून घरात शिरतो. पुढच्या दारात माणसं नदीकडे डोळे लावून बसलेली, आणि चुलीपाशी घोटाभर पाणी.

आता घरं बांधायची तर आहेतच. तेलंगणात सध्या इंदिरम्मा घरांचा धडाका आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक विधानसभा मतदारसंघाला 3,500 घरं, घरामागे 5 लाख रुपये. आकडा चांगला आहे. त्यावर टीका करणाऱ्यानं आधी पाच लाख कधी एकरकमी पाहिलेत का ते सांगावं.

योजना सुरू झाली 2024 च्या मार्चमध्ये, भद्राचलमला. मुहूर्ताला जागा काय निवडली! भद्राचलम म्हणजे जिथं शाळकरी पोरालाही पूर फुटांत पाठ असतो. 43 फुटांना पहिला इशारा, 48 ला दुसरा, 53 ला तिसरा. 2022 च्या जुलैत गोदावरी तिथं 71 फुटांच्या वर गेली होती. अख्खं गाव उंचीच्या भाषेत बोलतं.

योजना बोलते चौरस फुटांच्या भाषेत.

घर 400 चौरस फुटांपेक्षा कमी नको, 600 च्या वर नको. 600 च्या वर गेलात की हप्ता अडकला. लांबी मोजतात, रुंदी मोजतात, मोबाइलवर ॲप आहे, फोटोला अक्षांश-रेखांश चिकटतात. उपग्रहाला कळतं घर कुठं आहे. ते जमिनीपासून किती वर आहे, ते कुणाला कळवायचं?

हप्त्यांचा हिशेब बघा. जोतं झालं की 1 लाख. भिंती उभ्या राहिल्या की सव्वा लाख. स्लॅब पडली की पावणेदोन. उरलेलं काम झालं की 1 लाख. पहिला लाख जोत्याचा. पण ते जोतं दीड फुटाचं असो की चार फुटांचं, लाख तो लाखच.

मग चार फुटांचं जोतं कोण वेडा करील?

साधं गणित आहे. 400 चौरस फुटांचं घर. जोतं एक फूट जास्त उचलायचं तर 400 घनफूट भराव, म्हणजे चार ब्रास मुरूम. दाबल्यावर तो बसतो, तेव्हा वर अर्धा-एक ब्रास धरा. तीन फूट उचलायचं तर ह्याच्या तिप्पट. त्याला चहूबाजूंनी धरून ठेवणारं बांधकाम वेगळं, चार पायऱ्या वेगळ्या, धुम्मस करणाऱ्याची मजुरी वेगळी. ट्रॅक्टरवाला उधारी ठेवत नाही आणि पुराच्या उंचीचं तर त्याला काहीच पडलेलं नाही. घरमालक खिसा चाचपतो आणि म्हणतो, देवाला काळजी.

देवाला असेलही. त्याचं देऊळ उंच जोत्यावर आहे.

जोत्याचा फोटो काढायला माणूस येतो तेव्हाचा देखावा कधी बघावा. मोबाइल आडवा धरलेला. घरची म्हातारी पुढं येते, शेजारच्या जुन्या भिंतीवर हात ठेवून सांगते, ‘बाबू, त्या वर्षी पाणी इथवर होतं.’ हात तिच्या छातीशी. नवं जोतं तिच्या गुडघ्याशी. फोटोवाला नम्रपणे म्हणतो, ‘अम्मा, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय.’

एवढा उत्तम जलमापक दुसऱ्या कुठल्या खात्याकडे आहे? आणि त्याला फोटोतून बाहेर काढलं.

पूर ओसरला की भिंतीवर गाळाची एक रेघ राहते. सरळ, पातळ, कुठल्याही सर्व्हेअरला लाजवील अशी. ती रेघ पट्टीनं मोजायची, तिच्यावर दोन फूट धरायचे, तिथं जोत्याचा माथा ठेवायचा. घर पुरात टिकवायचं शास्त्र निम्म्याहून जास्त एवढंच आहे. त्याला आयआयटी लागत नाही. पण रेघ मोजायला कुणी येत नाही आणि दिवाळीला घरची बाई तिच्यावर चुना फिरवते. पुरावा नष्ट.

अर्जावर आधार असतं, रेशनकार्ड असतं, बँकेचं पासबुक असतं. ‘पाणी कुठवर आलं होतं?’ असा रकाना मला तरी अजून दिसलेला नाही.

आपले पूर्वज अर्ज भरत नव्हते, म्हणून शहाणे होते. काळीत पेरायचं आणि पांढरीत राहायचं, ही दख्खनच्या गावाची जुनी रीत. पांढरी म्हणजे शिवारातली उंच जागा. तिथं पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं पडली, त्यांच्यावर नवी उठली आणि टेकाड आणखी चढत गेलं. गाव स्वतःच्या पडझडीवर उंच झालं. पाणी शिवारात फिरायचं, गाव वरून बघायचं.

मग गावठाणातली जागा संपली. पांढरीवर थोरल्या घराण्यांचे वाडे, मागाहून आलेल्यांना नाल्याकडचा तुकडा. इंदिरम्माचा पहिला टप्पा ज्याची स्वतःची जागा आहे त्याच्यासाठी. नियम चुकीचा म्हणवत नाही. पण ज्याच्या नावावर फक्त नाल्याकाठची दोन गुंठे काळी आहे, तो घर बांधणार कुठं? नाल्याकाठी. आणि सरकार त्याला 5 लाख देऊन तिथंच पक्कं करून ठेवणार.

त्यात ही माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत पोराचा पाय जाईल. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर पूर येण्याची वाट बघायला नको, घर स्वतःच तडकतं. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी खालून फुगीर, वर तुळईनं बांधलेले खांब काढून कितीतरी वर्षं झाली. देशभर पूल नि कारखाने त्यावर उभे आहेत. घरकुलापर्यंत तो खांब आला नाही. बहुधा त्याच्याकडे रहिवासी दाखला नसावा.

पक्कं घर म्हणजे टिकाऊ घर, असं आपण धरूनच चाललोय. कच्चं म्हणजे मागास.

गोंड-कोलामांची कुडाची भिंत बघा. बांबूची विण, वर मातीचा लेप. पाणी आलं की लेप विरघळतो, सांगाडा उभा राहतो. पाणी गेलं की बायका आठवड्यात लिंपून मोकळ्या. खर्च? माती, शेण आणि हात. सिमेंटचा तळाचा थर देऊन, खांब डांबर लावून रोवून, आडव्या पट्ट्या जोडून हीच भिंत किती तरी मजबूत करता येते. केंद्र सरकारनंच आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाला हाताशी धरून ‘पहल’ नावाचा जाडजूड संग्रह काढलाय. कुठल्या भागात कुठलं घर शोभतं आणि टिकतं, त्याचे नकाशे त्यात आहेत. नावातच प्रकृती, हुनर, लोकविद्या. लोकविद्येला पुस्तकात मानाचं पान मिळालं, हप्ता मिळाला स्लॅबला.

खरी फसवी भिंत साध्या मातीची. पुरात ती उभी राहते. सगळे म्हणतात, वाचली बुवा. आत पाणी पिऊन ती जड झालेली असते, तळाचा थर लापशी झालेला असतो. चार दिवसांनी ऊन पडतं, आणि एका रात्री ती बसते. बातमी तोवर शिळी झालेली. पंचनामाही.

पंचनाम्याचं आता सांगतोच. आपत्ती निवारण निधीचे केंद्राचे निकष आहेत, 2022 ते 2026 साठी ठरवलेले. सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार. अंशतः पडलं, पक्कं असेल तर 6,500. कच्चं असेल तर 4,000. आणि अंशतः म्हणजे किमान 15 टक्के पडझड हवी.

15 टक्के मोजायचे कसे? चार भिंतींपैकी एक गेली तर पंचवीस होतात का? छप्पर धरायचं की सोडायचं? मागची भिंत बाहेरून शाबूत, आतून पोट आलेलं, ती किती टक्के? आदिलाबादेत आरआय म्हणजे महसूल निरीक्षक, नदीपलीकडे महाराष्ट्रात तलाठी, दोघेही उंबऱ्यात उभे राहून हा प्रश्न आकाशाला विचारतात. आकाश त्या वेळी आणखी थोडं पडतं.

अनुभवी माणूस मग सल्ला देतो, ‘काका, बाकीची भिंत तुम्हीच पाडा.’

आणखी एक दर ऐका. घराला जोडलेल्या गोठ्याला 3,000. गोठ्यातला बैल वाहून गेला तर 32,000. म्हणजे ज्यानं गोठा उंचावर बांधला, बैल वाचवला आणि फक्त छप्पर घालवलं, त्याला तीन हजार. ज्याचा बैल गेला त्याला बत्तीस. बैल वाचवणाऱ्याला शाबासकीचा दर कुठल्याच तक्त्यात नाही. बैल गेला अन्‌ झोपा केला, ही म्हण आपण मूर्खपणाची म्हणून शिकलो. सरकारी तक्त्यात ती धोरण म्हणून छापली आहे.

पूर पावसाळ्यातला. वाऱ्याची पाळी त्याआधीच येऊन जाते. एप्रिल-मेमध्ये दुपारी उकडतं, चारच्या सुमारास आभाळ काळवंडतं आणि पंधरा मिनिटांत गावातले निम्मे पत्रे शेजारच्या शिवारात. पत्र्यावर दगड ठेवायची आपल्याकडे पिढीजात पद्धत. वारा पत्रा उचलतो, दगडही उचलतो. फरक एवढाच, पत्रा एकाच्या घरावरून जातो नि दगड दुसऱ्याच्या घरावर येतो.

वारा छप्पर दाबत नाही, वर ओढतो. हे एकदा डोक्यात शिरलं की बाकीचं मिस्त्रीलाही समजतं. पत्र्याच्या कडेला आणि माथ्याला हूक दाट हवेत, मधे विरळ चालतात. हुकाला वायसर हवा, नाहीतर पत्रा भोक फाडून निघतो. वासा भिंतीशी लोखंडी पट्टीनं बांधलेला हवा आणि ती पट्टी भिंतीत खाली तुळईपर्यंत गेलेली हवी. छप्पर दोपाखीपेक्षा चौपाखी बरं, उतार 22 ते 30 अंशांचा. अगदी सपाट पत्रा सगळ्यात आधी उडतो. आणि ओसरीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं. ओसरी उघडी, वारा तिच्याखाली शिरतो. ती जाणारच असेल तर एकटी जाऊ दे, घराला कशाला बरोबर न्यायचं?

हुकांचा खर्च? दोन पत्र्यांच्या किमतीत अख्ख्या घराचे येतील. पण पत्रा उडाला तर पंचनामा होतो, आमदार येतात, ताडपत्री मिळते. हूक लावला तर काहीच होत नाही. ह्या देशात काहीच न होण्याचा फोटो निघत नाही.

कोकणानं हे सगळं भोगून झालंय. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, पुढं दापोली, मंडणगड. सिमेंटचे पत्रे काचेसारखे फुटले, कौलं पाखरांसारखी उडाली. मग आठवडेच्या आठवडे पत्रे मिळेनात. मिळाले तेव्हा लोकांनी काय केलं? तेच पत्रे, तेच वासे, तेच मोजके हूक. घाईत आणखी काय होणार? पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, पुन्हा बघून गेलं.

म्हणून घर वादळानंतर सुधारता येत नाही. वादळानंतर ते फक्त झाकता येतं.

आता नदीपलीकडे चला. पैनगंगेच्या दक्षिणेला आदिलाबाद, उत्तरेला यवतमाळ. दक्षिणेला घराचे 5 लाख. उत्तरेला प्रधानमंत्री आवासचे 1 लाख 20 हजार, वर राज्याचे 50 हजार, संडासाचे 12 हजार, रोजगार हमीची मजुरी. पाणी एकच. शिरतं दोन्हीकडे. एका काठाला स्लॅब, दुसऱ्या काठाला भिंतीपर्यंत येऊन थांबलेलं काम. जोतं मात्र दोन्हीकडे बुटकं. राष्ट्रीय एकात्मता ती हीच.

दोन राज्यं कधी एकत्र बसतच नाहीत असं नाही हं. 2016 च्या 23 ऑगस्टला मुंबईत बसली, सह्या झाल्या, चनाका-कोरटा बंधाऱ्याचा मार्ग मोकळा झाला. पाणी अडवायला करार झाला, पाणी वाटायला करार झाला. तेच पाणी चुलीत शिरतं तेव्हा कोणाच्या पूररेषेनं मोजायचं, त्याच्या बैठकीला अजून चहा उकळायचाय.

तिकडे जिवतीच्या पठारावर चौदा गावं आहेत. दोन राज्यांचा दावा, दोन रेशनकार्डं, दोन्हीकडच्या शाळा, दोन्हीकडचं मतदान. तिथं नदीचा पूर चढत नाही. पुरालाही कळत नसावं, अर्ज कुठल्या राज्यात टाकायचा.

गरिबालाच कुठं बांधायचं कळत नाही, असा एक समज शहरात आहे. तो पुसून टाकायला जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात एक चक्कर मारावी. मंचेरियालला माता-बाल रुग्णालय बांधलं, गोदावरीच्या अगदी काठी. 2022 च्या जुलैत पाणी वॉर्डापर्यंत आलं, बाळंतिणींना हलवावं लागलं. तिथं बांधणाऱ्याकडे इंजिनिअर नव्हते? नकाशे नव्हते? निर्मलची जीएनआर कॉलनी चांगली शिकल्या-सवरलेल्यांची. 2021 च्या जुलैत तिथं होड्या फिरल्या. प्लॉट घेताना सगळ्यांनी वास्तू बघितली होती. ईशान्य कोपऱ्याला पाणी असावं म्हणतात. पाणी आलं, चारही कोपऱ्यांना आलं.

कडेम धरणाची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी. 2022 च्या त्याच जुलैत पाणी धरणाच्या माथ्यावरून जाण्याच्या बेतात होतं. 18 दरवाजे, त्यातला एक हलेना. खालची गावं रातोरात रिकामी केली. धरण वाचलं, सगळ्यांनी देवाचे आभार मानले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दरवाजे अडकल्याची बातमी आली.

आता अशा धरणाखाली जोतं किती फूट ठेवायचं? ह्याला उत्तर नाही. तिथं घराची उंची कामाची नाही, दरवाजाला ग्रीस कामाचं.

माहिती नाही म्हणून हे होतं, असं कुणी म्हणालं तर हसून घ्या. केंद्राच्या बीएमटीपीसी ह्या संस्थेनं देशातल्या घरांना कुठं किती धोका आहे, त्याचा ॲटलास 1997 मध्ये छापला. भिंत कशाची, छप्पर कशाचं, वारा किती, पूर किती, जिल्हावार. 2019 मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. मराठी कवितासंग्रहाला तिसरी आवृत्ती मिळत नाही, ह्याला मिळाली. घरकुलाचं रेखाचित्र काढताना तो कुणी उघडला का, एवढंच विचारायचं राहिलं.

जगात लोक काय करतात? बांगलादेशात मरिना तबस्सुम ह्या वास्तुरचनाकार बाईंनी ‘खुदी बाडी’ नावाचं घर काढलं. बांबूचा सांगाडा, लोखंडी सांधे, वर झोपायचा मजला. नदीनं वाळूचं बेट कापलं की घर सोडवायचं आणि दुसरीकडे उभं करायचं. 2025 मध्ये त्याला आगा खान पुरस्कार मिळाला. आसामात मिसिंग लोक पिढ्यान्‌पिढ्या खांबांवरच्या चांग घरात राहतात, त्यांना कुणी पुरस्कार दिला नाही, म्हणून ते अजून राहतात.

आदिलाबादच्या शेतकऱ्याला ह्यात नवल वाटणार नाही. डुकरं हाकायला तो ज्वारीत मचाण उभारतो, चार बल्ल्या, वर फळ्या, माणूसभर उंच. पीक वाचवायला उंचावर, बायकापोरं जमिनीला टेकून. त्याला दोष कशाला? मचाणाचं रेखाचित्र कुणी मंजूर करून घ्यायला सांगत नाही.

नमुना घर मात्र प्रत्येक मंडलाला बांधायचं ठरलं, मंडल ऑफिसच्या आवारात. छान रंगवलेलं, फित कापलेलं. आवार गावातल्या चांगल्या उंच जागेवर. कार्यालयं बांधणाऱ्यांना उंचीचं सगळं कळतं तर. नमुना बघायला येणारा नाल्याकाठचा लाभार्थी तेच जोतं मनात मोजतो आणि घरी जाऊन खड्ड्यात तेच बांधतो.

बारीकसारीक गोष्टी तर कुणी बोलतच नाही. प्लगचा बोर्ड जमिनीपासून फूटभर वर. पाणी आलं की पहिला शॉक तिथून. तो छातीएवढा वर न्यायला वायरचे पाच-सहा फूट जास्त. संडासाचा खड्डा काळ्या मातीत, पूर आला की संडास उलट्या दिशेनं काम करतो. त्याचं भांडं जोत्याच्या वर, खड्ड्याची कडा उंच, बस्स. धान्याला माळा. आणि कापूस? ह्या भागात वेचलेला कापूस भाव येईपर्यंत पुढच्या खोलीत छतापर्यंत भरलेला असतो, माणसं ओसरीत झोपतात. नकाशा काढणाऱ्यानं हॉल लिहिलंय, घरमालकानं गोदाम वाचलंय. ऑक्टोबरात परतीचा पाऊस त्या हॉलमध्ये शिरला तर घर राहतं, वर्ष बुडतं.

उरली स्लॅब. तिला पावणेदोन लाखांचा सगळ्यात मोठा हप्ता. पूर चढला की गावातली सगळ्यात उंच कोरडी जागा तीच. माणसं तिथंच जातील, दुसरीकडे जाणार कुठं? पण वर जायला जिना कितीशा घरांना आहे? जिना काढला की खर्च वाढतो, चौरस फूट 600 च्या बाहेर सरकायला लागतात, हप्त्याचं भय. मिस्त्री म्हणतो, ‘जिना पुढल्या साली बघू दादा, सध्या शिडी लावा.’

शिडी गावात एकच आहे, डेकोरेशनवाल्याची. ती गणपतीत मांडवाला गेलेली असते आणि पैनगंगा भरायची तीही त्याच सुमारास. डेकोरेशनवाला म्हणतो, आगाऊ सांगत जा.